दोरीवरची खाकी

ती घटना आजही आठवते, आणि राग कुणावर काढावा हे आजही कळत नाही. सत्तरच्या दशकातले दुष्काळी दिवस होते. सोलापुरात शुक्रवार पेठेतली पोलीस चौकी माझ्याकडे होती. एका सकाळी सार्वजनिक नळाच्या टाकीत जंतुनाशक पावडर टाकणाऱ्या पालिकेच्या माणसाला जमावाने धरून बडवले. त्याचा हात मोडला. पेठेत बोलवा उठली होती की पाण्यात विष आहे, आणि ते कळल्यामुळेच पोलीस चौकी सोडून पळाले.

आम्ही तर सगळे जागेवर होतो. रिक्षावर कर्णा लावून तसे सांगितले. लोक म्हणाले, खरंच जागेवर असते तर ओरडून कशाला सांगितलं असतं? नळ ओस पडला आणि बाया जुन्या आडाचे गढूळ पाणी भरू लागल्या. लेकरे आजारी पडायला वेळ लागणार नव्हता.

मारहाण करणारे दोघे लगेच सापडले, पण अफवेचे मूळ हाती लागेना. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. अखेर खबऱ्याने चौकीमागे चुरमुरे विकणाऱ्या अक्कांचे नाव सांगितले. बाई कानडी घरातल्या, स्वभावाने करारी. दरडावले असते तर तोंड उघडले नसते. मी त्यांच्या दुकानातच बसलो आणि सरळ विचारले.

"व्हय साहेब, मीच बोलले," अक्का म्हणाल्या. "मागच्या दोरीवर तुमची खाकी कपडं रोज वाळायची. लई दिस झालं, दोरी मोकळीच. म्हटलं, गेले की सगळे."

मी कपाळावर हात मारला. पाणी वाचावे म्हणून चौकीत कपडे धुणे मीच बंद केले होते. गणवेश परिटाकडे जात. पेठ आमची हजेरी दोरीवरून घेते, हे आमच्या गावीही नव्हते. अक्का तेवढेच बोलल्या होत्या. विष पुढच्या तोंडांनी कालवले.

हवालदार म्हणाला, दोरीवर कपडे टांगू, मिटेल. मला ते पटले नाही. दुसऱ्या दिवशी सगळे शिपाई नळावर नेऊन उभे केले. तो कर्मचारीही हात गळ्यात बांधून स्वतःहून आला. तरी घागर कोणी पुढे करेना. तेव्हा अक्का त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, माज्या तोंडापायी तुमचा हात मोडला. आदी मीच पिते."

त्या ओंजळीने पोटभर प्याल्या. मग हळूहळू रांग लागली.

त्या माणसाने अक्कांविरुद्ध अवाक्षर काढले नाही. मारणारे दोघे मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, लोक म्हणत होते म्हणून मारले. अफवा पसरवणारे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. चारचौघांत ती परत घेणारी ती एकच बाई.