शिखरापर्यंत पाच मिनिटं

देव आहे की नाही, या प्रश्नाशी माझं कधी भांडण नव्हतं. घरात पूजा बायको करी, मी चपला काढून बाजूला उभा राही. माझी नोकरी नकाशे आखण्याची. कागदावर जे उतरतं ते खरं, एवढीच माझी श्रद्धा. त्यामुळे पुढे लिहितो आहे त्याला अनुभव म्हणावं का, याबद्दल मी बरीच वर्षं साशंक होतो. शिवाय तो सांगायचा तर त्या दिवशी बोललेलं एक खोटंही कबूल करावं लागलं असतं, आणि त्याची माझी तयारी नव्हती.

मुलं लहान होती तेव्हा आम्ही विश्रांतवाडीला राहत होतो. दर रविवारी कुठल्या तरी टेकडीवर किंवा डोंगरावर जायचं, असा नियम मी घालून घेतला होता. म्हणजे घरावर घातला होता. स्कूटरवर पुढे सहा वर्षांची सई उभी, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटा, आणि पायांशी पोळीभाजीच्या डब्याची पिशवी. शनिवारी संध्याकाळी मी नकाशा उलगडून बसे. किती वाजता निघायचं, कुठे थांबायचं, माथ्यावर किती वाजता पोचायचं, सगळं पेन्सिलीनं लिहून काढी. बायको म्हणायची, "अहो, फिरायला चाललोय की मोजणीला?" मला वाटे, ही शिस्त नसती तर यांनी रविवारी अंथरूणही सोडलं नसतं.

त्या रविवारी आम्ही कात्रजचा घाट ओलांडून पलीकडच्या डोंगराशी गेलो होतो. थंडीचे दिवस. पायथ्याच्या देवळात बायको धाकट्याला घेऊन थांबली, कारण त्याला थोडी कणकण होती. सईला घेऊन मी वर निघालो. पाऊण वाट ती छान चालली. मग एका मोठ्या काळ्या खडकापाशी बसली आणि म्हणाली, "बाबा, माझे पाय संपले." मी घड्याळ पाहिलं. ठरल्यापेक्षा वीस मिनिटं उशीर झाला होता. नकाशावर तिथून माथा बोटाच्या पेराएवढासुद्धा नव्हता. मी तिला म्हणालो, "इथेच बस. अजिबात हलायचं नाही. मी पाच मिनिटांत वर जाऊन आलो." तिनं मान हलवली.

वर पोचायलाच पंधरा मिनिटं लागली. आणि खरं सांगायचं तर वर मी बसलो. वारा होता, खाली दूरवर शहर धुरकट दिसत होतं, आणि कुणी काही मागत नव्हतं, कुणाला पाणी नको होतं, कुणाला शू आली नव्हती. किती दिवसांनी मी एकटा होतो. पोर खाली बसली आहे हे मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं, आणि तरी मी बसून राहिलो. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

उतरताना मी खडकाशी आलो तेव्हा तिथे सई नव्हती. हाक मारली. पुन्हा मारली. खडकाला दोन प्रदक्षिणा घातल्या, झुडपं पाहिली, खालच्या घळीत डोकावलो. मग मी धावत सुटलो, वर, खाली, आडवा. "सईऽ, सईऽ" असं अखंड ओरडत होतो. नकाशा काढून पाहिला, आणि तो बरोबर होता. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त माझी मुलगी त्यात नव्हती. अर्ध्या तासानं माझा आवाज बसला. नुसती हवा येऊ लागली, तेव्हा मी उभा राहिलो आणि नकाशा खाली टाकला. मनात म्हणालो, मला काही कळत नाही. तू कुणी असशील तर तू बघ. ही काही प्रार्थना नव्हती. हात टेकले होते, एवढंच.

मी गप्प झालो तेव्हा ऐकू आलं. डोंगराच्या डावीकडे उतरणाऱ्या सोंडेवरून एक बाई ओरडत होती, खणखणीत, सूर लावून: "ओ पोरीच्या बाऽऽ! हिकडं हाय पोरगी तुमचीऽऽ!" ती किती वेळ ओरडत होती देव जाणे. मी ओरडत होतो तोवर मला दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

आवाजाच्या मागानं मी गेलो. तसाच काळा खडक, आणि त्यावर सई बसलेली, जिथे बसवली होती तिथेच. उतरताना मीच चुकीच्या सोंडेवर उतरलो होतो. ती जागची हलली नव्हती. तिच्या ओठांवर दुधाच्या मिशा होत्या. शेजारी पन्नाशीची एक बाई, कासोटा घातलेली, आणि जमिनीवर पितळेची चरवी.

"काय वो, पोरगी हाय का गाठोडं? ठिवलं आन् गेलं?" ती म्हणाली. "म्या म्हनलं चल खाली, तर ही म्हनती, बाबांनी हलायचं न्हाई म्हनून सांगितलंय."

मग चरवीकडे पाहून तिनं आपलं आपणच सांगितलं. दोन वर्षांनी तिची म्हैस व्याली होती. पहिलं दूध डोंगरावरच्या देवाला न्यायचं, वाटेत चरवी खाली टेकवायची नाही आणि कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. मोडला तर म्हैस आटते म्हणतात. ती तशीच चालली होती, तोंड मिटून. पोर रडताना दिसली, तेव्हा चरवी टेकवून तिनं आधी पोरीला दूध पाजलं, आणि मग ओरडायला लागली.

"मग आता तुमचा रिवाज?" मी विचारलं.

"मोडला की," ती म्हणाली. "देवाकडंच निघाले व्हते. त्यो हितंच बसला व्हता, रडत. आता काय, वर जाऊन रिकामी चरवी दावायची." आणि पदर खोचून वर चालू लागली. तिचं नाव मी विचारलं नाही.

एवढंच घडलं असतं, तर मी हा अनुभव त्याच महिन्यात चारचौघांना सांगितला असता. पण देवळात आलो तेव्हा सईच्या गालांवरचे ओघळ पाहून बायको उठून उभी राहिली. "काय झालं?" मी म्हणालो, "हात सोडून कुठेतरी गेली. अर्धा तास शोधत होतो." बायकोनं सईच्या पाठीत दोन धपाटे घातले. "बाबांचा हात सोडतेस?" सईनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिलो. ज्या बाईनं देवाच्या धाकानं धरलेलं मौन पोरीसाठी मोडलं, तिला भेटून अजून तासही झाला नव्हता, आणि मी माझं मौन धरलं ते धरलंच.

पुढे ते घरात रूढ झालं. सई म्हणजे हरवणारी. शाळेच्या सहलीला तिला दोन वर्षं पाठवलं नाही. पाहुण्यांना सांगायचा तो हसण्याचा विषय झाला. ती कधी काही बोलली नाही.

गेल्या हिवाळ्यात ती तिच्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. म्हणाली, "बाबा, याला टेकडीवर घेऊन जा ना." गाडीचं दार लावताना, माझ्याकडे न बघता, अगदी सहज म्हणाली, "फक्त कुठे बसवून जाऊ नका हं."

टेकडीवर नातू काय बोलला ते मला आठवत नाही. परतल्यावर सई निघून गेली आणि बायको मटार सोलत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, वर बसून राहिलो तेही. तिचे हात थांबले.

"मी मारलं होतं तिला त्या दिवशी," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही बघत होतात."

"हो."

ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून सईकडे गेली ती दुपारी परतली. मायलेकींचं काय बोलणं झालं ते मला दोघींनीही सांगितलेलं नाही, आणि विचारण्याचा अधिकार मला नाही. आल्यावर तिनं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "रविवारी सगळे जाऊ. सई वाट ठरवेल. आपण मागून चालायचं."

तेव्हापासून मी मागून चालतो. त्या दिवशी मुलगी परत मिळाली ते माझ्या लायकीनं नव्हे, हे मला ठाऊक आहे. त्याचे आभार कोणत्या देवाला पोचवायचे ते ठाऊक नाही, म्हणून चालता चालता मनातल्या मनात मानतो. मागून चालताना एक बरं असतं, सगळी माणसं समोर दिसतात. ती थांबली की मी थांबतो, ती निघाली की निघतो. कुठे पोचायचं ते पुढचे ठरवतात. त्यांना कोण नेतं, ते मी आता विचारत नाही.