दोरीवरची चड्डी

पूर ओसरल्यावर घराला एक वास येतो… कणगीत भिजून आंबलेल्या ज्वारीचा, चुलीतल्या ओल्या राखेचा, भिंतींतून हळूहळू सुटत जाणाऱ्या मातीचा. त्या वासाच्या मधोमध, अंगणातल्या दोरीवर, एकटीच लोंबणारी माझी खाकी चड्डी. बालपण म्हटलं की इतरांना प्राजक्त वगैरे आठवतो. मला ती चड्डी दिसते.

तेलगावच्या बाजूचं आमचं गाव. नदी पायरीला टेकली तेव्हा आईने रीतीप्रमाणे हळदकुंकू वाहून, खण-नारळाने तिची ओटी भरली, माहेरवाशिणीसारखी समाधानाने माघारी जावी म्हणून. ती कसली जाते! घरात मुक्कामाला आली आणि निघताना ट्रंकेसकट सगळ्यांचे कपडे घेऊन गेली. मला उरली अंगावरची चड्डी. ती धुऊन वाळेस्तोवर मी गोधडीत, आणि शाळेत निरोप : पोट दुखतंय. हे गुपित राखण्यात चौथीतली माझी सारी प्रतिष्ठा पणाला लागली होती.

माळावरच्या शाळेत पाणी पोचलं नव्हतं. तिथे गुरुजींनी पोरांना पुरावर कविता करायला लावल्या. धारूरहून धान्य-कपडे घेऊन आलेल्या पाहुण्यांसमोर माझी धाकटी बहीण सुमी, दुसरीतली, हाताची घडी घालून ठसक्यात म्हणाली —

दादाची चड्डी दोरीवर,
दादा बसला गोधडीत.
ऊन ऊन, लवकर ये,
दादाला ने शाळेत!

मी मागच्या रांगेत होतो, दमट चड्डीत. सगळी शाळा खदखदून हसली. वाटलं, नदीने परत यावं आणि या वेळी मलाच न्यावं. एका पाहुण्या बाईंनी जवळ बोलावून नवी निळी चड्डी हातात ठेवली. ती मी कधीच घातली नाही. घातली असती तर कविता खरी ठरली असती ना! पुढे कित्येक दिवस तीच ओली खाकी घालून, शिंकत, ताठ मानेने शाळेत गेलो. सुमीशी अबोला धरला. आई एवढंच म्हणाली, "आरं, तिनं तुज्यासाठी ऊन मागितलं. त्यात लाजायचं काय हाय?"

यंदा सुमीच्या गावात पाणी शिरलं. अंगावरच्या साडीनिशी तिला मी केजला, माझ्या घरी घेऊन आलो. सकाळी तिने तीच साडी धुतली आणि वाळायच्या आत पुन्हा नेसली. बायकोने कपाटातली नवी साडी पुढे केली, तर निऱ्या झटकत म्हणते, राहू द्या वैनी, वाळलीच की ही… आणि फरशीवर टपटप थेंब. एरवी पुराच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगणाऱ्या माझ्या तोंडून आईचंच वाक्य निघालं, "सुमे, त्यात लाजायचं काय?"

ती माझ्याकडे पाहून किंचित हसली. "तू तरी कुठं घातली हुतीस दादा, ती निळी चड्डी?"

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. ती ओल्या साडीनिशी अंगणात जाऊन उभी राहिली… थोड्या वेळाने मीही गेलो, तिच्या शेजारी, उगाच.