टँकरवालीची चौकशी

पेट्रोलचा टँकर चालवायचा तर नुसतं हेवी लायसन्स पुरत नाही. धोकादायक माल नेण्याचं तीन दिवसांचं ट्रेनिंग करावं लागतं, त्याचा लायसन्सवर वेगळा शेरा पडतो, मग डोळे, कान, रक्तदाब आणि शेवटी पोलीस व्हेरिफिकेशन. एवढं झालं की डेपोच्या फाटकाचा पास मिळतो. बाकीचे ड्रायव्हर या सगळ्याला शिव्या घालायचे. मला मात्र भलतीच मजा येत होती. आग कशी विझवायची ते मी लाल सिलिंडर घेऊन दोनदा करून दाखवलं, एकदा सांगितलं म्हणून आणि एकदा हौस म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरांना सगळ्यात खालची ओळ त्यांनी न विचारताच वाचून दाखवली. कुणीतरी माझी इतकी कसून परीक्षा घेत होतं आणि मी पास होत होते, हेच मला नवीन होतं.

कारण याआधी मी यूपीएससीची पूर्वपरीक्षा चार वेळा दिली होती आणि चारही वेळा आपटले होते. चौथ्या निकालानंतर करोल बागेतल्या अभ्यासिकेतून उठले ती थेट ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. पुढे दोन वर्षं पानिपतहून चादरी-ब्लँकेटांचे गठ्ठे भरून ट्रक दिल्लीला आणत होते.

आईला हे ठाऊक होतं. बिल्डिंगला नव्हतं, म्हणजे आईनं होऊ दिलं नव्हतं. बाबांच्या सरकारी नोकरीपायी आम्ही अकोल्याहून इथे आलो आणि ते गेल्यावर इथेच राहिलो. अशा घरातली मुलगी ऑफिसातच जाते, असं आईचं ठाम मत. विहारात, मराठी मंडळात, जिन्यात, कुणीही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे." जोडीला माझ्यासाठी स्थळं बघणं चालूच. मी चिडायचे, भांडायचे आणि तिनंच भरलेला डबा उचलून निघायचे.

व्हेरिफिकेशनचा हवालदार आला तेव्हा आम्ही दोघीही घरी नव्हतो. तो साध्या कपड्यांत होता. त्यानं समोरच्या काकूंची बेल वाजवली आणि म्हणाला, "सामनेवाली लड़की के बारे में पूछना था. कैसी है?"

आता मुलीची चौकशी करायला आलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे काकूंना कुणी शिकवायला नको. त्यांनी तीन भाच्या उजवल्या आहेत. त्यांनी त्याला पंख्याखाली बसवलं, पोहे टाकले आणि माझे गुण सांगायला घेतले. संध्याकाळी त्यांनीच हे सगळं मला जिन्यात गाठून साग्रसंगीत ऐकवलं.

"गाड़ी चलाती है?" त्यानं विचारलं.

काकूंना वाटलं, याचे कुणीतरी कान भरलेत. "छे छे. उसको तो स्कूटी भी नहीं आती. ऑफिस से घर, घर से ऑफिस."

त्यानं ते लिहून घेतलं. इतकं मन लावून चौकशी करणारी माणसं हल्ली कुठे मिळतात, म्हणून काकू खूश झाल्या. मग त्यांनी विचारलं, "और लड़का क्या करता है?"

त्याला वाटलं, बाई त्याच्याच मुलाची विचारपूस करतायत. "बारहवीं में है जी."

"माझ्या हातातला चहा सांडला बघ," काकू मला म्हणाल्या. "तरी मी सांभाळून घेतलं. म्हटलं, पहले पढ़ाई तो पूरी होने दो."

मी जिन्यातच फतकल मारून बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. हा कोण असेल, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी चौकीतून फोन आला तेव्हा ते आलं. फॉर्मवर ड्रायव्हर लिहिलंय आणि शेजारी म्हणतात गाडीच येत नाही. आईला आणि शेजारणीला घेऊन आजच या, नाहीतर खोटी माहिती म्हणून फाइल परत जाईल. माझं हसू कुठल्या कुठे पळालं. टँकरचा मालक सोमवारपर्यंतच थांबणार होता. आणि खोट्या माहितीचा शेरा एकदा बसला असता, तर मला कुठल्याच फाटकातून कुणी आत घेतलं नसतं.

आम्ही तिघी रिक्षानं गेलो. टेबलामागे वर्दीतला हवालदार बघून काकू माझ्या कानाशी लागल्या, "मुलाचे वडील पोलिसात आहेत हे बोलले नाहीत गं." मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या त्या बसूनच राहिल्या.

"तो मैडम," हवालदारानं पेन उघडलं, "चलाती है कि नहीं?"

काकूंनी आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. आईनं ऑफिस म्हटलं असतं तर काकूंनीही ऑफिसच म्हटलं असतं. मला आईची भीती वाटत होती.

"चलाती है," आई म्हणाली. "दो साल से. ट्रक. मैं ही सबको ऑफिस बोलती थी. लिखो."

काकूंनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं ताई, बोललात एकदाच्या. गेल्या जानेवारीत मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला गेली, तुम्हाला ताप होता म्हणून तुम्ही आला नाहीत, तेव्हा हायवेवर आम्ही हिला पाहिलं. ट्रक चालवताना. अख्ख्या बसनं पाहिलं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. पण तुम्ही ऑफिस म्हणता ना, मग ऑफिस. कुणी काही बोलायचं नाही, असं बसमध्येच ठरलं आमचं."

गेलं वर्षभर बिल्डिंगभरच्या बायका मला "ऑफिस काय म्हणतंय?" असं किती गोड विचारायच्या, ते आठवून मला पुन्हा हसू फुटायला लागलं. आई मात्र हसत नव्हती. मला वाटलं, आता ही रडणार. मी इतक्यांदा बोलावूनही ती एकदासुद्धा माझा ट्रक बघायला आली नव्हती. ती काकूंकडे वळली.

"कशी चालवत होती?" तिनं विचारलं.

"अहो, आमच्या बसला मागे टाकून गेली. हॉर्न देऊन, उजवीकडून, अगदी नीट."

आईनं पदर सारखा केला आणि हवालदाराला म्हणाली, "ये भी लिखो."