झेंड्याचा नारळ

"तू तबक धर गो, दोरी मी बघतो," उपसरपंच म्हणाले. हळदीकुंकवाचं तबक माझ्या हातात दिलं आणि मला खांबापासून बाजूला केलं. पंधरा ऑगस्ट. शाळेची पोरं रांगेत उभी. आणि गावची सरपंच मी.

आमचं गाव पोलादपूरच्या पुढे, कापड्याकडे. राखीव जागेवर मी निवडून आले होते, बौद्धवाडीतली सातवी शिकलेली बाई. आदल्या दिवशी झेंड्याचा ओटा मीच धुतला. वाडीतल्या बायकांनी भोवतीचं गवत उपटलं. तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. साफसफाईला आमचे हात चालतात.

आमच्याकडे झेंड्याआधी खांबाची पूजा होते, नारळ फुटतो, खोबरं सगळ्यांना वाटतात. पाणी इथंच मुरत होतं. माझ्या हातचं खोबरं गावकी खाणार नाही, म्हणून नारळ उपसरपंचांनी फोडायचा. आणि ज्याने नारळ फोडला त्यानेच दोरी ओढायची, ही म्हणे रीत. झेंडा सरकारी, रीत मात्र देवळाची.

त्यांनी दोरी ओढली. फुलं पडली. पोरांनी राष्ट्रगीत म्हटलं, मीही म्हटलं. तबक हातात धरून. त्याची मला आजही चीड येते. महाडच्या तळ्यावर आम्ही दरवर्षी जातो, पाण्याचा हक्क मिळवला म्हणून छाती पुढे काढून फिरतो. आणि मला साधं तबक खाली ठेवता आलं नाही.

खोबरं वाटून झाल्यावर ग्रामसेवक वही घेऊन आले. माणूस सज्जन, पण भित्रा. अहवाल त्यांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. 'सरपंचांच्या हस्ते ध्वजारोहण उत्साहात पार पडले.' खाली सही करा म्हणाले.

मी वाचलं. परत वाचलं. अपमान झाला तो झाला, आता तो झालाच नाही असं मीच लिहून द्यायचं. माझं डोकं फिरलं.

"हे खोटं हाय, भाऊसाहेब. मी यावर सही करनार नाय."

उपसरपंच समजूत घालायला लागले. गावाची अब्रू, तालुक्याला कागद जायचा, एका सहीने तुझं काय जातं. गोड बोलून भागेना, तेव्हा अविश्वास ठरावाची धमकी.

मी पेन घेतलं. ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, उपसरपंचांनी झेंडा फडकवला, सरपंच बाजूला उभी होती. मग सही केली, पूर्ण नावाची.

"सव्वीस जानेवारीला दोरी मी ओढनार," म्हटलं. "खोबऱ्यावाचून कोन मरत नाय."

ठराव आणायचा तर खुशाल आणा. तोवर सरपंच मी आहे. माझ्याबद्दल त्या वहीत जे जाईल, ते यापुढे मीच लिहीन.