हरणाऱ्या बगळ्यांमागे एक उन्हाळा

फेब्रुवारीतल्या एका रविवारी शेजारच्या हाने बाउअर यांनी माझी बेल वाजवली आणि विचारलं, "तुला मोजता येतं ना? नीट, न चुकता?"

मी आधी घाबरले. जर्मनीत रविवारी बेल वाजली की मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. मिक्सर लावून रविवारची सक्तीची शांतता मोडली का? प्लास्टिकच्या डब्यात कागद गेला का? रेगेन्सबर्गला येऊन दोन वर्षं झाली, मोटारींच्या सॉफ्टवेअरचं काम अंगवळणी पडलं, पण ही धास्ती काही गेली नाही.

हाने अडुसष्ट वर्षांच्या. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी खुलासा केला. जवळच्या गावात त्यांचा बेसबॉल क्लब आहे, नाव राइहर, म्हणजे बगळे. देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये खेळतात. नावाला व्यावसायिक, कारण दोन अमेरिकन खेळाडूंना पगार मिळतो. बाकीचे सोमवारी नळ दुरुस्त करायला, शाळेत शिकवायला जातात. त्यांची स्कोअरर, म्हणजे सामन्याची अधिकृत नोंद ठेवणारी बाई, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती.

"जिना झाडायच्या पाळ्यांचा तक्ता तू केलास ना? मी पाहिला," हाने म्हणाल्या. "त्यात लीप वर्षसुद्धा धरलं होतंस."

"पण मला बेसबॉल येत नाही."

"आमच्या संघालाही येत नाही. जमेल तुमचं."

अशी सुरुवात झाली. घरच्या मैदानावर वही लिहायची आणि बाहेरगावच्या सामन्यांनाही बरोबर जायचं, असं मी ठरवून टाकलं. जर्मनी पाहायचा तर होताच. किल्ले आणि ख्रिसमसचे बाजार पाहून झाले होते, आणि एकटीने किल्ला बघताना फोटो कोणाला काढायला सांगावा हा प्रश्न मला किल्ल्यापेक्षा मोठा वाटतो.

स्कोअररच्या परवान्यासाठी दोन दिवसांचा वर्ग होता. क्रिकेट पाहिलेल्या माणसाला बेसबॉल फार परका नाही. एक गोष्ट मात्र वेगळी. नऊ फलंदाजांचा क्रम सामन्याआधी कागदावर द्यायचा आणि शेवटपर्यंत त्याच क्रमाने खेळायचं. चुकून भलताच माणूस आला आणि त्याने फटका मारला, तर समोरच्या संघाने पुढचा चेंडू पडण्याआधी हरकत घ्यायची. सामनाच संपला असेल तर पंच मैदान सोडेपर्यंत. हरकत घेतली तर त्या फटक्याच्या धावा रद्द, आणि ज्याची खरी पाळी होती तो बाद. कोणी घेतली नाही, तर चूक पचली.

"आणि स्कोअररच्या लक्षात आलं तर?" मी विचारलं.

"तर स्कोअरर गप्प बसतो," शिकवणारे म्हणाले. "खूण नाही, खोकला नाही. पंचांनी विचारलं तरच वही दाखवायची."

मी हाच प्रश्न तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारला. चौथ्यांदा हात वर केला तेव्हा वर्ग हसला. पण मला ते खरंच पटत नव्हतं. बाबा धरणाच्या कामावर असत, साइटवर शाळा नव्हती, म्हणून चौथीपर्यंत मला आईने घरीच शिकवलं. आमच्या त्या शाळेत नियम दोनच होते. चूक दिसली की लगेच सांगायची, मग ती कोणाचीही असो. आणि वहीत चुकलेलं खोडरबराने घालवायचं नाही. वरून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

एप्रिलमधला पहिला घरचा सामना आम्ही चौदा-दोनने हरलो. जाणार असाल तर एक सांगते: एप्रिलमध्ये थर्मल घाला आणि बसायला काहीतरी जाड न्या. तिकीट सिनेमापेक्षा स्वस्त असतं. दोन सामने लागोपाठ होतात, म्हणजे अख्खा दिवस जातो. शाकाहारी लोकांसाठी ब्रेत्सेल आहे, म्हणजे वेढे घातलेला खारा पाव. बटाट्याची कोशिंबीर घेण्याआधी विचारा. बव्हेरियात तिच्यात बहुतेक वेळा मांसाचं पाणी असतं. मी विचारलं तेव्हा काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मांस नाही गं त्यात, फक्त सूप!" मी दुसरा ब्रेत्सेल घेतला.

मे महिन्यात श्टुटगार्टच्या पलीकडच्या एका गावी गेलो. डॉइचलांडटिकेटवर, म्हणजे देशभराच्या महिन्याच्या पासावर, वेगवान गाड्या चालत नाहीत, म्हणून न्युर्नबर्गला बदलून क्राइल्सहाइममार्गे साध्या गाडीने. साडेचार तास म्हणतात, सहा धरून चला. मध्ये रुळांचं काम निघालं की बसमध्ये बसवतात, आणि ती बस कुठून सुटते हे फलाटावर कोणालाच माहीत नसतं. सामान कमी ठेवा.

त्या प्रवासात मी हानेंना वही लिहायला शिकवू लागले. प्रत्येक फलंदाजाला एक आडवी ओळ, प्रत्येक डावाला एक उभा रकाना. त्या डुलक्या घेत, मधेच जागं होऊन म्हणत, "हो हो, चौकोन भरायचे, समजलं." क्लबमध्ये सगळे एकमेकांना एकेरीत हाक मारतात. मला ते जमेना. ऑगस्टपर्यंत मी त्यांना फ्राउ बाउअर, म्हणजे बाउअरबाईच म्हणत होते, आणि दर वेळी त्या मागे वळून म्हणत, "कोण, माझी सासू आली का?"

मुक्काम श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, माझी पुण्याची मैत्रीण मुग्धा हिच्याकडे. तिचा नवरा तिथल्या कारखान्यात इंजिनियर आहे. मुलगी रेवा आठ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

"मावशीचा संघ आज परत हरला," मुग्धा पोळी वाढत म्हणाली.

रेवाने जर्मनमध्ये विचारलं, "मग ती जिंकणाऱ्यांबरोबर का नाही जात?"

"अगं, मराठीत विचार."

"मराठीत विचारलं तरी ते हरलेलेच असणार," रेवा पुन्हा जर्मनमध्येच म्हणाली. वर एक "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, जोडून.

मी आणखी एक पोळी घेतली. पण जून-जुलैत हळूहळू एक लक्षात आलं. हरणाऱ्या संघाबरोबर प्रवास करताना माझी छाती कमी धडधडते. ही माणसं शनिवारी चुकतात, सगळ्यांसमोर चुकतात, आणि परतताना त्यावर हसतात. प्रशिक्षक ऊवे हे मुळात नळकाम करणारे. ते प्रत्येक पराभवानंतर टोपी काढून एकच वाक्य म्हणत, "चला, पाणी कुठून गळतंय ते कळलं." मी ऑफिसमध्ये एक ईमेल पाठवण्याआधी पाच वेळा वाचते. जुलैच्या शेवटी तीनदा वाचायला लागले होते.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार. ऱ्हाईनकाठचं एक शहर, मोसमातला शेवटचा दौरा. हिशेब सोपा होता: दोन सामन्यांपैकी एक जिंकला तर बगळे याच लीगमध्ये राहणार. दोन्ही हरले तर खालच्या लीगमध्ये. मग अमेरिकन जाणार, तरुण पोरं दुसऱ्या क्लबात जाणार, आणि ऊवेंच्या शब्दांत, उरतील ती गवत कापायचं यंत्र आणि हाने.

पहिला सामना नऊ-एकने हरलो.

मधल्या सुट्टीत यजमान क्लबची स्कोअरर उन्हाने चक्कर येऊन सावलीत आडवी झाली. मुख्य पंच आमच्या बाकापाशी आले. "परवाना असलेलं दुसरं कोणी आहे का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाकावर बसून आमची खासगी वही लिहिताना मी ऊवेंना काहीही सांगू शकत होते. अधिकृत टेबलावर बसले की तोंड बंद.

"तू ठरव," ऊवे म्हणाले. "इथे आमची आहेस. तिथे कोणाचीच नाहीस."

नाही म्हणता आलं असतं. पण परवाना पाकिटात होता, आणि खोटं बोलणं मला आजवर जमलेलं नाही. मी आमची वही आणि पेन्सिल हानेंच्या हातात दिली.

"डुलकी घेऊ नका."

"मिमी," माझं मृण्मयी हे नाव त्यांनी कधीच एवढं लहान करून टाकलं होतं, "मी फक्त जिंकणाऱ्यांच्या सामन्यात झोपते."

आणि बगळे खेळले. कसे कोण जाणे, पण खेळले. आठव्या डावात यजमानांनी दोन खेळाडू बदलले. पंचांनी मला आणि आमच्या बाकाला सांगितलं: सतरा नंबर सातव्या जागी, चार नंबर आठव्या जागी. मी तसं लिहिलं. नवव्या, शेवटच्या डावात आम्ही पाच-चारने पुढे. यजमानांचे दोन बाद, दोन धावपटू मधल्या तळांवर, धाव पुरी करायच्या वाटेवर. आणखी एक बाद केला की आम्ही वाचलो. पाळी सातव्या जागेची, म्हणजे सतरा नंबरची.

मैदानात आला चार नंबर. तिशीतला, दाढीवाला, आडदांड माणूस.

मी वही पाहिली. त्याच्या पाठीकडे पाहिलं. पुन्हा वही. माझ्या कानात आईचा आवाज आला, चूक दिसली की लगेच सांगायची. आणि त्याच वेळी वर्गातला तो दुसरा आवाज, खोकला नाही.

त्याने फटका मारला. सुंदर फटका होता, चेंडू डावीकडच्या कुंपणाला जाऊन आदळला. दोघेही धावपटू घरच्या तळावर पोचले. सहा-पाच. सामना संपला. यजमान एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते. आमचा गोलंदाज गुडघ्यांवर बसला होता.

मुख्य पंचांनी तोंडावरची जाळी काढली, चेंडूंची पिशवी उचलली आणि फाटकाकडे चालू लागले. फाटक चाळीसेक पावलांवर. ते बाहेर पडले की विषय संपला.

मैदानापलीकडे आमच्या बाकावर हाने उभ्या राहिल्या. वही नाकाजवळ नेली, लांब धरली. मग त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल वर करून हलवली. विचारत होत्या: मी बरोबर वाचतेय का?

माझी मान हलली असती तर कोणाला कळलं असतं? मला कळलं असतं. मी समोरची पाण्याची बाटली उचलली आणि तिच्यावरचं लेबल वाचायला लागले. सोडियम. कॅल्शियम. मॅग्नेशियम. माझ्या एका शब्दावर बारा-पंधरा माणसांचं पुढचं वर्ष होतं, आणि मी मॅग्नेशियम वाचत होते.

"ऊवे! मोमेंट, थांब!" हानेंचा आवाज सगळ्या मैदानावर घुमला. "सतराचा चौकोन रिकामा आहे!"

ऊवे धावत पंचांकडे गेले. पंच फाटकाला हात लावून थांबले होते. ते वळले, माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "प्रशिक्षकांनी हरकत घेतली आहे. वही दाखवा."

मी वही फिरवून त्यांच्यासमोर ठेवली. सातव्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ओळ वाचली, मग हात वर केला. सतरा नंबर बाद. धावा रद्द. पाच-चार.

आमच्या बाकावर जल्लोष झाला, पण अर्धवट. असं जिंकल्यावर ओरडायचं किती, हे कोणालाच ठरवता येईना. यजमानांचे प्रशिक्षक आले, ऊवेंचा हात हातात घेऊन म्हणाले, "चूक आमची. कागद मीच दिला होता."

मी शेवटचा चौकोन दुरुस्त करत होते तेव्हा टेबलावर सावली पडली. चार नंबर होता.

"माझा फटका गेला का वहीतून?" त्याने विचारलं. "वर्षातला सगळ्यात चांगला होता."

"मोजला जाणार नाही," मी म्हणाले. "पण गेला नाही. बघा." मी त्यावर एकच रेघ मारली होती. खालचं स्वच्छ वाचता येत होतं.

त्याने वाकून पाहिलं, फोनवर फोटो काढला. "माझ्या बायकोला दाखवतो. तिला वाटतं मी शनिवारी बिअरच पितो."

"पीत नाही?"

"तीही पितो," तो म्हणाला, आणि गेला.

परतीच्या गाडीत मला राहवेना. "हाने," मी पहिल्यांदाच नावाने हाक मारली, "खरं सांगा. माझ्या चेहऱ्यावरून ओळखलंत का?"

"तुझ्या चेहऱ्यावरून?" त्या हसल्या. "एप्रिलपासून तू दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखीच दिसतेस. त्यात काय वाचणार? मी पस्तीस वर्षं पत्रं खणांत टाकलीत, मिमी. रिकामा खण मला झोपेतही दिसतो."

घरी पोचल्यावर आईला फोन केला आणि सगळं सांगितलं, बाटलीसकट.

"मग मृणू, तुला चूक दिसली आणि तू बोलली नाहीस," ती शेवटी म्हणाली.

"नाही बोलले."

"बरं झालं. मी तुला अर्धंच शिकवलं होतं. गप्प कधी बसायचं ते राहून गेलं होतं." मग पुढे, "आणि त्या बाईंना तू शिकवलंस ना, चौकोन भरायला? मग झालं की."

मोसमात आम्ही जिंकलो त्याच्या कितीतरी पट हरलो. तुम्ही कधी असा दौरा करणार असाल, तर रेवाच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: जिंकणाऱ्यांना सोबत लागत नाही. हरणाऱ्या संघात तुमच्यासाठी जागा असते, कधीकधी खुर्ची, पेन आणि परवान्यासकट.

त्या सामन्याच्या पानाची एक प्रत मला मिळाली. स्वयंपाकघरात, जिन्याच्या पाळ्यांच्या तक्त्याशेजारी लावली आहे. काल हाने चहाला आल्या, चष्मा वर करून तिच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझी ती रेघ जरा वाकडी गेली आहे."

खरंच गेली आहे. मी ती तशीच राहू दिली.