कल्ल्यांवरचे पांढरे ठिपके

आमच्या लिंगायत घरात अंडंही येत नसे, आणि मी पीएचडीला विषय घेतला माशांच्या अंगातल्या परजीवींचा. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती रागावली नाही. फक्त माझं ताट वेगळ्या फळीवर ठेवू लागली. पुढं मी कसबा बावड्यात एकटीसाठी खोली घेतली.

रोज सकाळी बाजारात एका मासेवालीकडं जायचे. कागलकडच्या तळ्यातला रोहू तिच्याकडं यायचा. कल्ल्यांवर पांढरे ठिपके दिसले की तो मासा ती माझ्यासाठी बाजूला ठेवायची.

"मॅडम, जेवलासा काय?"

"अजून नाही, मावशी."

"मग मासं काय बघताय, आधी भाकरी बघा की!"

दिवसभरात माझ्याशी एवढं बोलणारी तीच.

एकदा रव्याच्या कणाएवढा तसला ठिपका काचपट्टीवर दाबला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिला. आत शेकडो बीजाणू. प्रत्येकात दोन इवल्या पिशव्या, त्यातली एक मानेपाशी वाकलेली. अशी वाकलेली पिशवी मी कुठल्याच पुस्तकात पाहिली नव्हती. कित्येक महिने मोजमापं घेतली, चित्रं काढली, जुन्या वर्णनांशी ताडून पाहिली. जुळेना. शेवटी सगळं कलकत्त्याच्या एका वृद्ध तज्ज्ञांकडं पोस्टानं पाठवलं.

त्यांचं उत्तर आलं तेव्हा शनिवार होता, विभागात शिपाईही नव्हता. जात नवीन आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. मी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला.

"अव्वा, मला नवा जीव सापडलाय. आजवर कुणी बघितला नव्हता."

"बरं झालं. हात धुतलेस न्हवं?"

मग मी बाजारात गेले आणि मावशीला सांगितलं. तिनं आधी गिऱ्हाइकांकडं पाहिलं.

"हळू बोला! माझ्या माशास्नी रोग हाय म्हणताय व्हय?"

"माणसाला त्यानं काही होत नाही, मावशी."

"ते तुमास्नी ठावं. गिऱ्हाइकाला कुठं ठावं हाय?"

दुसऱ्या दिवशी बाजूला ठेवलेला मासा नव्हता. आठवड्यानं पुन्हा गेले, तर म्हणाली, "काय पायजे, बाई?" जणू पहिल्यांदाच बघत होती. त्यानंतर रविवारी एसटीनं मलकापूरला जाऊन मी मासे आणू लागले.

दोन वर्षांनी माझा शोधनिबंध छापून आला. खोलीत कॉटवर बसून त्या जातीचं दोन शब्दांचं लॅटिन नाव मी मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा, जरा सावकाश. उच्चार बरोबर होता की नाही, ते सांगायला कुणी नव्हतं.