पाच भोकांची वायर

विजयमालाकाकींनी घरी केलेली वायर मी पहिल्यांदा बघितली तेव्हा चक्क हसलो होतो. आटपाडीत माझा स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. वायरींच्या गुंत्यात माझे केस पांढरे झाले. आणि ही बाई, तीस वर्षं सेलमला नवऱ्याबरोबर गलाई करून, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करून गावी परतलेली, मला वायरी पुरवणार!

"वापरून तर बघ, बाळासो," एवढंच म्हणाल्या.

वापरली. पंधरा दिवस झकास चालली आणि एका हळदीत ऐन नाचाच्या वेळी एका बाजूचा स्पीकर मुका झाला. मी तणतणत त्यांच्या दारात गेलो. काकींनी पिन उघडली. आत तांबं हिरवं पडून भुगा झालेला. गलाईच्या सवयीनं त्यांनी तारेची टोकं तेजाबानं साफ केली होती.

दुसऱ्या कुणी पिनेला नावं ठेवली असती. काकी पिशवी घेऊन घरोघर फिरल्या, दिलेली प्रत्येक वायर परत आणली आणि माझ्यासमोर कात्रीनं तुकडे केले. "सोनं तेजाब सोसतं, ही तार न्हाई सोसत. माझं चुकलं." तेव्हापासून सोल्डरनं तार जोडताना तेजाबाऐवजी फक्त राळ. त्यानंतर त्यांची एकही वायर माझ्याकडं बिघडलेली नाही. माझ्या स्वतःच्या कितीतरी बिघडल्या, हे कबूल करायला मला जड जातं, पण खरं आहे.

गेल्या उन्हाळ्यात बिराप्पा माझ्याकडं आला. पूर्वी मेंढरं राखायचा, आता डाळिंबं लावतो. त्याच्या वडिलांच्या ओव्यांची एकुलती एक कॅसेट त्याच्याजवळ होती. वडील जाऊन वीस वर्षं झाली. घरच्या टेपचा स्पीकर जळालेला, म्हणून ओव्या फोनमध्ये उतरवून हव्या होत्या. मी फुशारकीनं कॅसेट माझ्या टेपमध्ये घातली. माझ्या टेपनं दोन विती पट्टी गिळली. चुरगळलेली पट्टी सोडवताना बोटांना तपकिरी भुकटी लागली. ही आता फार तर एकदा वाजेल, हे मला कळून चुकलं. बिराप्पानं कॅसेट पुसून हळूच डबीत ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याचा टेप पट्टी हळुवार फिरवायचा, पण त्याला मागं पाच भोकांचं गोल सॉकेट तेवढं होतं. तसली वायर सांगलीतही मिळाली नाही. मग बिराप्पाला घेऊन, खाली मान घालून काकींकडं गेलो.

त्यांनी बिराप्पाच्या टेपमध्ये आधी भलतीच भजनाची कॅसेट लावली आणि इयरफोनची तार एकेका भोकाला टेकवत आवाज कुठून बाहेर येतो ते शोधलं. भंगारातल्या टेपची पाच काड्यांची पिन काढली. मोहरीएवढा सोल्डरचा थेंब, वर फुंकरसुद्धा नाही, आपोआप निवू दिला. फोनला जोडून ऐकलं तर आवाज फाटत होता. आवाज दाबायला तांदळाएवढा रेझिस्टर मध्ये घातला, परत भजन. तरी मोठा. दुसरा घातला. चार वेळा भजन ऐकून मी वैतागलो.

"काकी, लावा की आता खरी कॅसेट!"

"एकदाच वाजणार हाय ती. गप बस."

सातव्यांदा त्यांनी मान हलवली. इयरफोनचं एक टोक माझ्या कानात, एक बिराप्पाच्या, आणि कॅसेट लागली. एवढ्याशा वायरीतून वीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस माझ्या कानात आला. ओवीआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. देवळात गेल्यावरही माझं असं होत नाही.

मग मेंढरं नदी उतरतात ती ओवी आली आणि नेमकी तिथं चुरगळलेली पट्टी. आवाज बुडाला. तेवढ्यात शेजारून बिराप्पानं डोळे मिटून तीच ओळ उचलली, त्याच सुरात, त्याच ठेक्यात. ओळ संपली आणि टेपमधून वडिलांनी पुढची धरली.

कॅसेट संपली. ओव्या उतरल्या होत्या, पण वायरीतून फक्त टेपचा आवाज जातो, बिराप्पाची ओळ फोनमध्ये आली नव्हती. मी घाईनं म्हणालो, "तेवढी ओळ माइकवर म्हणा, मी मध्ये जोडतो. कुणाला कळायचं न्हाई."

बिराप्पानं काकींकडं पाहिलं. काकींनी वायर गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"नगं जोडू," त्या मला म्हणाल्या. मग त्याला म्हणाल्या, "तेवढी जागा त्यांनी तुमच्यासाठी सोडली हाय, दादा. ऐकताना तुमीच म्हणत जावा."